जावयाचा पाय

गॅरेजवर पाटी नव्हती. ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांनी पाटी लावावी, असं उस्तादांचं मत होतं. उस्तादांना मतं भरपूर होती, आणि त्यांतलं एकही कुणाबद्दल चांगलं नव्हतं. गाडी दारात आली की ते आधी गाडीकडे बघतच नसत; बघत ते उतरणाऱ्या माणसाकडे. तो दार कसं आपटतो, किल्ली बोटावर कशी फिरवतो, बोलायच्या आधी खिशातून मोबाइल काढतो की काय, एवढं बघितलं की त्यांचं निम्मं निदान झालेलं असे. “गाडी बिघडत नाही,” ते म्हणत, “बिघडवतात.”

मग तोंडसुख सुरू. एखादा डॉक्टर आला आणि क्लच गेलाय म्हणाला, तर, “तुम्ही पेशंटला विचारता का, तुझं निदान तूच सांग म्हणून? मग मला कशाला शिकवताय?” मोबाइलवर काहीबाही बघून आलेल्याला, “वा. मग दुरुस्तही त्यातच करून घ्या.” गल्लीच्या तोंडाशी पार्ट विकणारा दुकानदार म्हणजे त्यांच्या लेखी खोक्यावरचं नाव वाचता येणारा इसम, बाकी शून्य. गिऱ्हाइकं हे सगळं मुकाट ऐकून घेत, कारण उस्तादांना काम येत होतं. पंचाईत होती ती हीच. नुसता तोंडाळ माणूस असता तर लोकांनी त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं असतं. पण काम येणाऱ्या तोंडाळाला लोक डोक्यावर बसवतात, आणि एकदा बसला की तो काही आपणहून खाली उतरत नाही.

गॅरेजच्या दाराच्या आत, वरच्या अंगाला, दोन खिळ्यांवर एक लोखंडी पाइप आडवा ठेवलेला असे. पाण्याच्या नळाचा जाड पाइप, उभा केला तर माणसाच्या छातीला लागेल एवढा. चाकाचे नट आवळायची वेळ आली की उस्ताद तो खाली उतरवत, पान्याच्या दांड्यावर चढवत आणि टोकाला धरून अंगाचा सगळा भार टाकत. तेवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे. मग एक पाय पाइपवर ठेवून वरून एक हिसका. नट ‘कर्र’ म्हणाला की दुसऱ्याची पाळी. पहिला पुरता आवळून झाल्याशिवाय शेजारच्याला हात लावायचा नाही. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे पळणं हे चंचल माणसाचं लक्षण, असं त्यांचं याही बाबतीत मत होतंच.

“माझ्या हातचं चाक आजवर निखळलेलं नाही,” हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत. ते खरं होतं. हेही खरं होतं की त्यांच्या हातचं चाक कुणाला काढता येत नसे. टायर पंक्चर झालेली गिऱ्हाइकं रस्त्याच्या कडेला पान्यावर उभी राहून उड्या मारत आणि उस्तादांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. हे कानावर आलं की उस्तादांना ती कौतुकाची पावती वाटे.

घर गॅरेजच्या मागेच होतं. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजात उघडायची, त्यामुळे उस्तादांच्या बायकोला नवऱ्याची सगळी मुक्ताफळं भांडी घासता घासता ऐकू येत. एकुलती एक लेक वजनकाटे तपासण्याच्या कारखान्यात कामाला होती. चिमट्यानं बारीक वजनं उचलायची, काट्यावर ठेवायची, सुई जागेवर येते का बघायचं, हे तिचं काम. तिनं पहिल्या कमाईतून बापासाठी एक पाना आणला होता. नटावर हवा तेवढा जोर पडला की ‘टिक’ असा आवाज करून हाताला ‘आता पुरे’ म्हणणारा. उस्तादांनी तो हातात तोलला आणि परत पेटीत ठेवला. “ज्याच्या मनगटाला अक्कल नाही त्याला असली खेळणी लागतात,” ते म्हणाले. पेटी कपाटाच्या माथ्यावर गेली आणि तिच्यावर ग्रीसची रिकामी डबडी चढली.  बापाचा स्वभाव लेकीला पाठ होता.

लेकीनं लग्न केलं ते स्वतःच्या पसंतीनं, एका काचवाल्याशी. काचवाला म्हणजे दुकानातून काचा आणि आरसे घ्यायचे आणि लोकांच्या घरी पोचवायचे. त्याच्या पिकअपच्या हौद्यात एक लाकडी घोडा होता, घोड्यावर जुनी ब्लँकेटं, आणि त्याला टेकून उभ्या काचा. एकदा कारखान्याची गाडी आली नाही म्हणून लेक एक नाजूक काटा मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसून गेली. पोचल्यावर तिनं काटा लावून बघितला, तर सुई केसभरही सरकली नव्हती. “असा ब्रेक लावणारा माणूस मी बघितला नव्हता,” असं तिनं घरी येऊन आईला सांगितलं. आईनं ते उस्तादांना सांगितलं. उस्ताद म्हणाले, “ब्रेक बघून नवरा करायला तू काय गाडी विकत घेतेयस का, विचार तिला.”

जावई लुकडा, लांब मानेचा आणि हळू बोलणारा होता. आपण आवाज चढवला तर मागची काच तडकेल अशी धास्ती असल्यासारखा. सासऱ्याला तो मामा म्हणायचा, सासूला मामी, आणि काहीही सांगितलं तरी त्याचं उत्तर एकच, “बघतो मामा.” उस्तादांनी त्याला पहिल्या दिवसापासून जावईबापू आणि अहोजाहो चालवलं होतं. शिवी देता येत नाही म्हणून मान द्यायचा, तशातला तो मान होता.

टायर बदलायला लग्नापासून उस्तादांकडेच येणारी या जावयाची पिकअप थरथरायला लागली. वेगात असताना ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थडथडायचं, पायाखालचं पेडल आतून कुणी ढकलावं तसं वर यायचं, आणि मागे काचा थंडीनं काकडल्यासारख्या एकमेकींवर वाजायच्या. एक भलामोठा आरसा वाटेतच तडकला तेव्हा जावई गाडी घेऊन सासऱ्याच्या दारात आला.

निदानात उस्तादांना नावं ठेवायला जागा नव्हती. त्यांनी गाडी सरळ रस्त्यावर नेली. पायाचा ब्रेक सोडून नुसता हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी गुमान थांबली, म्हणजे मागची चाकं निर्दोष. थरथर बुडाखाली लागत नव्हती, हाताला लागत होती, म्हणजे दुखणं पुढे. परत आल्यावर जॅक लावला, पुढचं चाक धरून वरखाली हलवलं, आडवं हलवलं. कुठे खुळखुळ नाही, म्हणजे बेअरिंग आणि सांधे ठीक. चाक काढलं आणि आतल्या चकचकीत डिस्कवर बोट फिरवलं. एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी पातळ. ब्रेकचे पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरायचे. जाड भाग आला की मागे ढकलले जायचे, पातळ आला की पुढे यायचे, आणि तीच थरथर होती. “डिस्क गेल्या,” उस्ताद म्हणाले. इथपर्यंत सगळं बरोबर. पण इथे थांबले तर ते उस्ताद कसले? डिस्क का गेल्या हेही सांगायला हवं होतं, आणि समोर जावई उभा होता.

“जावईबापू, डिस्क कशानं जाते, माहीत आहे?”

“नाही मामा.”

“पायानं. लाथ घातल्यासारखा ब्रेक मारला की ती तापते. तापली की वाकते. काचा वाहता की दगड?”

बाकड्यावर बसलेली गिऱ्हाइकं हसली. “बघतो मामा,” जावई म्हणाला.

नव्या डिस्क बसल्या, पाइप खाली उतरला, नट कर्र कर्र आवळले गेले. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. काही आठवड्यांनी ती पुन्हा थरथरत दारात आली, तेव्हा उस्तादांना, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. इथून जाते तेव्हा नीट जाते आणि यांच्या पायाखाली बिघडते. मग दोष कुठे आहे हे शेंबड्या पोरानंही सांगावं.

या खेपेला त्यांनी तमाशाच केला. अडगळीत एक जुना रबरी भोंगा पडला होता, गोळा दाबला की ‘पों’ करणारा. तो त्यांनी आणून जावयाच्या बुटापुढे ठेवला.

“दाबा. पण वाजता कामा नये. ब्रेक असा दाबायचा असतो.”

जावयानं पाय ठेवला. चारचौघं बघतायत आणि सासरा कमरेवर हात ठेवून समोर उभा आहे, अशा वेळी भल्याभल्यांचा पाय स्थिर राहायचा नाही. भोंगा वाजला. हशा पिकला. “पुन्हा,” उस्ताद म्हणाले. पुन्हा वाजला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो डिस्कचं खोकं पोचवायला आलेला पार्टवाला. हसणं ओसरल्यावर डोळे पुसत तो सहज म्हणाला, “पण उस्ताद, तुमच्या एकट्याला जेवढ्या डिस्क लागतात तेवढ्या बाकीच्या सगळ्या गॅरेजांना मिळून लागत नाहीत. ते कसं काय?”

“बाकीच्यांना दुखणं ओळखताच येत नाही, म्हणून. तू खोकं ठेव आणि चालता हो.”

जेवताना बायको म्हणाली, “लोकांसमोर असं करायचं नव्हतंत.”

“चुकीचं सांगितलं का मी?”

“चूक-बरोबर मी कुठे म्हणतेय?”

पण पार्टवाल्याचं बोलणं कुसळासारखं आत राहिलं. उस्तादांनी ते काढायचा प्रयत्न केला नाही. ते वागवत बसणं त्यांना सोपं वाटलं.

तिसऱ्या खेपेला जावई आला तो गाडीतून उतरला आणि त्यानं किल्ली उस्तादांपुढे धरली. मग म्हणाला, “मामा, गाडी विकतोय. फर्निचरवाला मागतोय. तेवढी थरथर घालवून द्या. त्याला फसवल्यासारखं नको व्हायला.”

“आणि मग काय करणार?”

“काचेच्या दुकानात आतलं काम आहे. काचा पुसायच्या, कागदात बांधायच्या. गाडी चालवायची नाही.”

खिडकीतून सासूनं विचारलं, “अहो पण का? चांगला धंदा आहे.”

“माझ्या पायातच काहीतरी आहे, मामी,” जावई म्हणाला. मला लांबचं दिसत नाही असं एखाद्यानं सांगावं, तितक्या साधेपणानं. त्यात तक्रार नव्हती की रुसवा नव्हता.

“उशिरा का होईना, कळलं म्हणायचं,” उस्ताद म्हणाले. खिडकीचं दार आतून आपटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी उस्ताद नव्या डिस्क घेऊन कामाला बसले तेव्हा पार्टवाल्याचं ते कुसळ काढायचं त्यांच्या मनात होतं. डिस्कच वाकडी विकतोस आणि वर मलाच विचारतोस काय, असं त्याच्या दुकानात जाऊन चारचौघांत सुनावायचं, एवढाच हेतू. त्यासाठी त्यांनी मोजायचं घड्याळ काढलं. हे घड्याळ वेळ दाखवत नाही. त्याचा लोहचुंबकी पाय चाकाच्या आतल्या बाजूला कुठेतरी चिकटवायचा, टोक डिस्कला टेकवायचं, आणि डिस्क फिरवायची; ती किंचित जरी डुलली तरी सुई हलते. उस्तादांनी डिस्क बसवली, नट बोटांनी फिरवून ठेवले आणि डिस्क फिरवली. सुई जागची हलेना. डिस्क सरळ होती. उस्तादांचं तोंड कडू झालं.

चडफडत त्यांनी नट काढून चाक चढवलं, पाइप घेतला आणि रोजच्यासारखे नट आवळले. पार्टवाल्याचा राग नटांवर निघाला, त्यामुळे हिसके जरा जास्तच बसले. मग सवयीनं चाकाला एक गरका दिला आणि त्यांच्या लक्षात आलं की घड्याळ आतच राहिलंय. काढायला म्हणून ते वाकले. सुई डावीउजवीकडे झुलत होती.

आधी त्यांनी सुईला शिव्या दिल्या. मग नट सैल केले. सुई थांबली. पाइपनं आवळले. सुई झुलायला लागली. पुन्हा सैल, पुन्हा थांबली. मग त्यांनी चाक काढलं, डिस्क काढली आणि डिस्क ज्याच्यावर बसते त्या हबकडे बघितलं. एवढ्या वर्षांत कितीतरी वेळा बघितलं होतं, पण त्यावरच्या गंजाकडे नाही. खपल्यांवर खपल्या चढल्या होत्या. हब घासून घ्यावा असं कुणी सुचवलं की उस्ताद म्हणायचे, “त्याला काय लग्नाला जायचंय?”

काम येणाऱ्या माणसाचं एक वाईट असतं. त्याला स्वतःची चूकही पटकन आणि पुरती कळते. डिस्क गंजाच्या खपल्यांवर तिरकी बसते. पाइपनं पहिलाच नट जिवाच्या आकांतानं आवळला की ती त्या बाजूला ओढली जाते आणि बाकीचे नट तिला तशीच जखडून टाकतात. दारातून जाताना गाडी झकास थांबते. पण मग रोज, प्रत्येक फेऱ्याला, डिस्कची तीच कड पॅडला घासत राहते, झिजत राहते, आणि काही आठवड्यांनी एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी पातळ. जावयाच्या पायाचा यात संबंध नव्हता. जावयाच्या पायाचा कशातच संबंध नव्हता. आणि तो डॉक्टर, ते मोबाइलवाले, ज्यांना ज्यांना त्यांनी याच बाकड्यापुढे उभं करून ब्रेक कसा लावावा ते शिकवलं होतं, ते सगळे एकेक करून डोळ्यांपुढे यायला लागले. उस्तादांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यांनी कपाटावरची डबडी खाली ठेवली आणि लेकीनं दिलेली पेटी काढली. हब पत्र्यानं खरवडून, मग तारेच्या ब्रशनं घासून पांढरा केला. डिस्क बसवली, चाक चढवलं. एक नट थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा, मग आडवा, असं करत करत सगळे सारखे आणले, आणि शेवटी तो पाना लावला. टिक. चाक फिरवलं. सुई जागच्या जागी.

बायको चहा घेऊन आली होती आणि कप हातात धरून बराच वेळ उभी होती, हे त्यांना उशिरा दिसलं.

“काय झालं?”

“काही नाही. सुई बिघडली होती.”

“आता सुधारली?”

“हो.”

“कशानं?”

उस्तादांनी एवढा मोठा घोट घेतला की जीभ पोळली.

त्या संध्याकाळी पाइप खिळ्यांवर परत गेला नाही. मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायची काठी कधीची मोडली होती आणि बायकोनं कधीची कटकट लावली होती. उस्तादांनी न सांगता तिथे पाइप उभा केला.

सकाळी जावई आला. सांगायला तेवढा वेळ पुरे होता. पण बाकड्यावर माणसं बसली होती, आणि बाकड्यावर माणसं असताना उस्तादांच्या तोंडातून जे निघायचं तेच निघालं. “विकायची घाई करू नका, जावईबापू. चालवून बघा काही दिवस. फक्त पाय जपून.” शब्दशः घेतलं तर यात खोटं काहीच नव्हतं. एवढं हलकट वाक्य मात्र त्यांनी आयुष्यात दुसरं उच्चारलं नसेल.

गाडी थरथरली नाही. आठवडे गेले, महिना उलटला, तरी नाही. फर्निचरवाल्याला नाही सांगून झालं. जावई मुद्दाम गॅरेजात आला आणि भरल्या बाकड्यासमोर म्हणाला, “मामा, तुमच्यामुळे माझा पाय सुधारला.” आणि उस्ताद, ज्यांना दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट लांबून ऐकू यायची, ते उस्ताद म्हणाले, “सराव ठेवा.” त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलंही नाही.

मग एका दुपारी लेक आली. पिकअप गल्लीत उभी होती, पण आत आली ती एकटीच. बाकड्यावर कुणी नव्हतं.

“बाबा, तो ब्रेक दाबत नाही.”

“म्हणजे?”

“काल मी शेजारी होते. गल्लीतून सायकलवर एक बाई आडवी आली. त्यानं बघितली. पाय ब्रेकवर होता. दाबला नाही. गाडी भिंतीकडे घेतली आणि बाजूचा आरसा तोडून थांबवली. ती बाई हाताच्या अंतरावरून गेली.” तिचा आवाज इथे हलला, आणि तिनं तो पुन्हा जागेवर आणला. “मी विचारलं, का नाही दाबलास? तर म्हणाला, जोरात दाबला असता तर डिस्क वाकली असती.”

उस्ताद हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.

“तुमचा तो भोंगा घरी घेऊन आलाय. रोज जेवण झालं की खुर्चीत बसतो आणि त्याच्यावर पाय ठेवतो. मी हसले होते आधी.”

तिनं मान वळवली. मागचं दार उघडं होतं. अंगणात ओल्या चादरी वाळत होत्या आणि दोरीला पाइपचा टेकू होता. तिनं दारावरच्या रिकाम्या खिळ्यांकडे बघितलं. मग कामाच्या टेबलाकडे. पेटी उघडी होती, आणि पान्याच्या मुठीवर रोजच्या वापराचं काळं तेल बसलं होतं. सुई किती सरकली हे बघण्यातच तिचा दिवस जायचा. तिला वेळ लागला नाही.

“कधीपासून माहीत आहे?”

“काय?”

“बाबा.”

“तिसऱ्या वेळेपासून,” उस्ताद म्हणाले.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देणं उस्तादांना येत होतं. ती म्हणाली, “त्याचा पाय बघून मी त्याला हो म्हटलं होतं. तोच पाय तुम्ही घालवलात.”

“सांगतो त्याला.”

“तो गाडीतच बसलाय. आरसा फुटलाय, तुमच्यासमोर कसा येणार? जा. शेजारी बसा आणि सांगा.”

उस्ताद गाडीत चढले. जावयानं लगेच, “मामा, आरशाचं मी बघतो,” म्हणून सुरुवात केली. उस्तादांनी हातानंच त्याला गाडी काढायला सांगितलं. पट्टा त्यांनी लावला नाही. पट्टा भित्र्यांनी लावावा, हेही त्यांचं एक जुनं मत. गोदामांच्या मागे एक लांब, सरळ, ओसाड रस्ता होता, तिथे गाडी आली.

“वेग घ्या. आता ब्रेक लावा.”

गाडी एखाद्या आजाऱ्यासारखी हळूहळू मंदावत लांबवर जाऊन थांबली.

“जोरात लावा.”

“नको मामा. पुन्हा वाकेल.”

उस्तादांच्या जिभेवर लगेच एक टोमणा आला. तो नेहमीच तिथे तयार असे. त्यांनी तो गिळला. आणि मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका घडाघडा वाचून दाखवणाऱ्या या माणसाला स्वतःची एक सांगताना चार धड वाक्यं जुळेनात.

“वाकणार नाही. तुमच्या पायानं वाकतच नव्हती. ते... हब घासलेला नव्हता. मी पाइपनं आवळायचो. डिस्क मीच वाकडी बसवत होतो. दर वेळी.”

इंजिन चालू होतं. जावई समोर बघत होता.

“आणि मला ते कळलं होतं. तिसऱ्या वेळी. गाडी तुमच्या ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशीच.”

“म्हणजे तुम्ही ‘पाय जपून’ म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

आता हा चिडणार, असा उस्तादांचा अंदाज होता. चिडला तर ऐकून घ्यायचं, अशी मनाची तयारी करून ते बसले होते. पण जावयाची मान हळूहळू त्यांच्याकडे वळली, आणि डॉक्टरच्या खोलीत रिपोर्ट हातात घेऊन बसलेला माणूस विचारतो तशा आवाजात त्यानं विचारलं, “मग माझा पाय बरा आहे?”

उस्तादांना शरम वाटली. ती त्यांना आयुष्यात फारशी कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “बरा आहे,” ते म्हणाले. “माझ्या गॅरेजात आजवर जेवढे पाय आले, त्या सगळ्यांत बरा आहे.”

 जावयानं गियर टाकला. गाडीनं वेग घेतला, मग आणखी घेतला, आणि त्यानं न सांगता ब्रेक तळापर्यंत दाबला. टायर किंचाळले. उस्ताद पुढे गेले आणि त्यांचं कपाळ समोरच्या काचेवर जाऊन आदळलं. गाडी सरळ रेषेत उभी राहिली. स्टिअरिंग हललं नाही, पेडल थडथडलं नाही, हौद्यातला रिकामा घोडा कुरकुरलासुद्धा नाही.

उस्ताद कपाळ चोळत बसले. टेंगूळ येणार हे हाताला कळत होतं. लाथ घातल्यासारखा ब्रेक मारण्याबद्दल त्यांच्याकडे एक तयार वाक्य होतं, पण ते त्यांनी काढलं नाही. जावई मान खाली घालून स्वतःच्या बुटाकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि पुन्हा गियरला हात घातला.

“पट्टा लावा मामा,” तो म्हणाला. “आणखी एकदा बघतो.”

उस्तादांनी पट्टा लावला.